‘डोक्यात रक्त आलंय’ म्हणजे काय? अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि मेंदूतली सूज

सातव्या महिन्यातच बाळंतपण होतं. बाळ जेमतेम किलोभराचं. त्याला काचेत ठेवतात. घरातले अजून धक्क्यातून सावरलेले नसतात, तोवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टर बाळाच्या अब्बांना बाजूला घेऊन सांगतात, “सोनोग्राफी केली. डोक्यात थोडं रक्त आलंय.” या एका वाक्यानंतर घरात दोन तट पडतात, असं आम्ही अनेकदा पाहिलं आहे. एक तट म्हणतो, ‘आता काही उपयोग नाही, मूल मतिमंदच होणार, पैसे घालवण्यापेक्षा घरी घेऊन चला.’ दुसरा म्हणतो, ‘रक्त थांबलं ना? अल्हम्दुलिल्लाह, विषय संपला.’ पहिला तट बाळाला वेळेआधी दवाखान्यातून उचलून आणतो. दुसरा डिस्चार्ज मिळाला की पुन्हा तपासणीकडे फिरकत नाही. नुकसान दोन्हीकडे बाळाचंच होतं.

रक्तस्राव ही या दुखण्याची फक्त सुरुवात असते. रक्त थांबल्यानंतरचे कित्येक दिवस, कधी कधी कित्येक आठवडे, मेंदूच्या आत एक सूज धुमसत राहते. डॉक्टर तिला इन्फ्लमेशन म्हणतात, पुस्तकी मराठीत दाह. पुढे मुलाचे पाय ताठ होणं, डोकं मोठं होणं, शिकायला जड जाणं यात या सुजेचा मोठा हात असतो, हे गेल्या काही दशकांच्या संशोधनातून दिसत आलं आहे. आम्ही शिक्षक, डॉक्टर नव्हे. उपचार डॉक्टरांनीच ठरवायचे. पण एनआयसीयूच्या दाराबाहेर दोन मिनिटांत सांगितलेली गोष्ट घरच्यांना नीट कळावी, म्हणून हा लेख.

रक्त येतं कुठून?

मेंदूच्या मधोमध पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. बाळ पोटात असताना या पोकळ्यांच्या भिंतीलगत एक तात्पुरता थर असतो, जर्मिनल मॅट्रिक्स. त्याला मेंदूची रोपवाटिका म्हणा. नव्या पेशी इथे तयार होतात आणि इथून आपापल्या जागी जातात. रोपवाटिकेला पाणी भरपूर लागतं, म्हणून इथे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. पण थरच तात्पुरता, त्यामुळे वाहिन्यांच्या भिंतीही कच्च्या, लग्नाच्या मांडवासारख्या. साधारण ३४ आठवड्यांपर्यंत हा थर जवळजवळ विरून जातो. म्हणूनच ३७ आठवडे पूर्ण करून आलेल्या बाळाला हा त्रास सहसा होत नाही. सगळ्यात जास्त धोका ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला.

असं बाळ बाहेर आलं की त्याचं फुफ्फुस कच्चं, रक्तदाब मिनिटा-मिनिटाला वर-खाली. मोठ्या माणसाचा मेंदू असे चढउतार सावरून घेतो. या बाळाला ते अजून जमत नाही. दाबाचा एक झटका बसतो आणि वाहिनी फुटते. बहुतेक वेळा हे पहिल्या ७२ तासांत होतं. यात सूनबाईने बादली उचलली, ग्रहणात बाहेर गेली, कुणाची नजर लागली, यातल्या कशाचाही संबंध नाही. आधीच खचलेल्या बाईवर घरात बसून असले आरोप करणं बंद झालं पाहिजे, एवढं आम्ही स्पष्ट सांगतो.

रिपोर्टवर ‘ग्रेड’ लिहिलेली असते. १९७८ साली अमेरिकेत पापिले आणि सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ४६ बाळांचे सीटी स्कॅन काढले. २० बाळांच्या मेंदूत रक्त आढळलं, आणि त्यातल्या कित्येकांमध्ये बाहेरून काहीच कळत नव्हतं. त्या अभ्यासातून आलेल्या चार पायऱ्या आजही वापरतात. ग्रेड एक म्हणजे रक्त त्या कच्च्या थरातच राहिलं. दोन म्हणजे पोकळीत उतरलं, पण पोकळी फुगली नाही. तीन म्हणजे पोकळी फुगली. चार म्हणजे बाजूच्या मेंदूलाही इजा झाली. ग्रेड एक आणि दोनची बहुतेक मुलं पुढे चांगली वाढतात. तीन आणि चारमध्ये धोका खरा आहे, पण तिथेही सगळ्या मुलांचं सारखंच होत नाही. बाळाच्या टाळूचं हाड अजून भरलेलं नसतं, तीच सोनोग्राफीची खिडकी. त्यासाठी सुई नाही, किरण नाहीत, बाळाला काचेतून बाहेर काढायचीही गरज नाही. म्हणून ‘परत परत सोनोग्राफी कशाला, पैसे काढायला?’ असा संशय धरण्याआधी हे लक्षात घ्या की पोकळी फुगतेय की नाही हे एकाच तपासणीत दिसू शकत नाही.

सूज म्हणजे नेमकं काय होतं?

पाय मुरगळला की घोटा फुगतो, तशी ही सूज बाहेरून दिसत नाही. पोकळीत उतरलेल्या रक्तातल्या लाल पेशी काही दिवसांत फुटू लागतात. त्यांच्यातून हिमोग्लोबिन सांडतं, हिमोग्लोबिन तुटलं की त्यातलं लोह मोकळं होतं. हेच लोह रक्तपेशीच्या आत असतं तेव्हा प्राणवायू वाहून नेतं. गरोदर बाईला त्याच्याच गोळ्या देतात. पण मेंदूच्या पाण्यात उघडं पडलं की ते आजूबाजूच्या पेशी जाळतं.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. कचरा उचलायचा, जंतू आला तर हाकलायचा, हे त्यांचं काम. सांडलेलं रक्त दिसलं की त्या चवताळतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन अशी रसायनं सोडतात. ही रसायनं म्हणजे मोहल्ल्यात वाजवलेला भोंगा. तो ऐकून आणखी पेशी धावत येतात. भोंगा वेळेत बंद झाला तर साफसफाई होऊन जाते. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो वाजतच राहतो आणि राखणदारांच्या धावपळीत घरचीच माणसं तुडवली जातात.

तुडवल्या जाणाऱ्यांत पहिला नंबर पांढऱ्या भागाचा. मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या तारांवर एक वेष्टन चढतं, विजेच्या वायरवर प्लॅस्टिक असतं तसं. ते वेष्टन तयार करणाऱ्या पेशी याच महिन्यांत वाढत असतात आणि सूज त्यांना अजिबात सोसत नाही. त्यातही पायांकडे जाणाऱ्या तारा पोकळीला अगदी चिकटून जातात. म्हणून या मुलांमध्ये पुढे हातांपेक्षा पाय जास्त ताठ राहिलेले, टाचा उचलून चालणं दिसतं.

दुसरं नुकसान पाण्याच्या वाटेचं. मेंदूतलं पाणी रोज तयार होतं, पोकळ्यांतून वाहतं आणि वर जाऊन रक्तात शोषलं जातं. रक्ताच्या गुठळ्या आणि सुजेतून आलेले व्रण ही वाट बुजवतात. पाणी साचतं, पोकळी फुगते, डोकं मोठं होऊ लागतं. याला हायड्रोसेफॅलस म्हणतात. पूर्वी समजूत होती की प्रश्न फक्त तुंबलेल्या गटाराचा आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या येल विद्यापीठातल्या गटाने उंदरांवर दाखवलं की नळसुद्धा जास्त सुटतो. पाणी तयार करणारा कोरॉइड प्लेक्सस नावाचा भाग रक्तामुळे सुजतो आणि नेहमीच्या सुमारे तिप्पट पाणी सोडू लागतो. सूज रोखणारी औषधं दिली तेव्हा उंदरांमध्ये हे पाणी कमी झालं. डोकं फुगण्याचं मूळही बऱ्याच अंशी सुजेतच आहे, असा याचा अर्थ.

मग सुजेवर औषध का देत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो आणि रास्तच विचारतो. आज या सुजेवर बाळांसाठी सिद्ध झालेलं औषध नाही. प्रयत्न मात्र पुष्कळ झाले, आणि त्यातून डॉक्टर मंडळी सावध झाली. नळ जास्त सुटतो तर पाणी कमी करणारं औषध द्या, हा विचार आपल्यालाही सुचेल. अ‍ॅसिटॅझोलामाइड आणि फ्युरोसेमाइड या दोन औषधांची अशीच आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, १७७ बाळांवर. १९९८ मध्ये निष्कर्ष आला: औषध दिलेल्या बाळांचं जास्त वाईट झालं. वरवर शहाणपणाची वाटणारी गोष्ट मेंदूच्या बाबतीत उलटी पडू शकते, याचं यापेक्षा ठळक उदाहरण आम्हाला माहीत नाही. ‘एखादं सूज उतरवायचं इंजेक्शन द्या ना’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागताना हे आठवावं.

दुसरा प्रयत्न इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातला. तिथे डॉ. अँड्र्यू व्हाइटलॉ आणि सहकाऱ्यांनी विचार केला की भोंगा बंद करता येत नसेल तर सांडलेलं रक्तच धुऊन काढू. फुगलेल्या पोकळीत दोन बारीक नळ्या घालायच्या, गुठळी विरघळवणारं औषध सोडायचं, मग एका नळीने स्वच्छ द्रव आत आणि दुसरीने घाण बाहेर, साधारण तीन दिवस. सुरुवातीला बाहेर येणारं पाणी कोलासारखं काळपट असतं, हळूहळू निवळतं. याला ड्रिफ्ट म्हणतात. ७७ बाळांची चाचणी झाली. २००६ मध्ये ती थांबवावी लागली, कारण धुतलेल्या बाळांमध्ये पुन्हा रक्तस्रावाचं प्रमाण जास्त दिसलं आणि शंटची गरजही कमी झाली नव्हती. त्या वेळी कुणीही म्हटलं असतं की प्रयोग फसला. पण ही माणसं त्या मुलांच्या मागावर राहिली. मुलं दोन वर्षांची झाल्यावर मोजलं तर मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व नेहमीच्या उपचारांत ७१ टक्के, धुतलेल्यांत ५४ टक्के. दहा वर्षांच्या वयात पुन्हा तपासलं. गंभीर बौद्धिक अपंगत्वाशिवाय जगणारी मुलं नेहमीच्या उपचारांत ३५ टक्के, धुतलेल्यांत ६६ टक्के. हे निष्कर्ष २०२० मध्ये आले. चाचणी लहान होती, तंत्र अवघड आहे, त्यामुळे ते सगळीकडे होत नाही. तुमच्या जिल्ह्यात मिळणार नाही. तरीही आम्ही ते इथे एवढं सविस्तर लिहिलं, कारण त्यातून एक गोष्ट कळते. रक्तस्राव होऊन गेल्यानंतरही मुलाचं पुढचं आयुष्य बदलता येतं. पहिल्या दिवशीच सगळं ठरून गेलेलं नसतं.

स्वीडनमधल्या लुंड इथला गट सांडलेलं हिमोग्लोबिन बांधून ठेवणाऱ्या हॅप्टोग्लोबिन नावाच्या प्रथिनावर काम करतो. सशांच्या पिलांमध्ये त्याचा फायदा दिसला. दक्षिण कोरियात सोलच्या सॅमसंग मेडिकल सेंटरमध्ये नऊ बाळांना स्टेम सेल देऊन आधी ते सुरक्षित आहे का हे पाहिलं गेलं. हे सगळं संशोधन आहे, विकत घ्यायचा उपचार नव्हे. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेल उपचार रक्ताच्या काही आजारांपलीकडे मंजूर चाचणीबाहेर करता येत नाहीत. सेरेब्रल पाल्सीवर लाखो रुपयांत स्टेम सेलची जाहिरात दिसली तर दागिने मोडण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचा.

घरच्यांच्या हातात काय आहे?

बरंच काही. सुजेवर तेल ओततो तो जंतुसंसर्ग. बाळाला सेप्सिस झालं किंवा आतडी बिघडली की अंगभर भोंगे वाजतात आणि ते मेंदूपर्यंत पोहोचतात. म्हणून काचेजवळ जाताना कोपरापर्यंत हात धुणं ही निव्वळ हॉस्पिटलची शिस्त नाही, तो मेंदूचा बचाव आहे. वुजूची सवय असलेल्या समाजाला हे जड जाऊ नये. कानात अजान द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, हात धुऊन, अगदी हळू आवाजात द्या. पहिले तीन दिवस बाळाला जितकं कमी हलवाल तितकं बरं. तहनीकसाठी मध मात्र नको. वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला मध देऊ नये, आणि या बाळाला तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तोंडातून काहीच देऊ नका.

अम्मीचं दूध, अगदी चमचाभर का होईना, आतड्याला आणि पर्यायाने मेंदूलाही राखतं. ते पिळून रोज पोहोचवायची जबाबदारी घरच्या पुरुषांनी घ्यावी. अम्मीला दूधच येत नसेल तर काही मोठ्या रुग्णालयांत दूध बँक असते; मुंबईच्या सायन रुग्णालयात ती १९८९ पासून आहे. इथे दूध-नात्याचा, म्हणजे रजाअतचा प्रश्न येतो आणि उलेमांमध्ये त्यावर मतभेद आहेत. आपल्या मुफ्तींना पहिल्याच दिवशी फोन करून बाळाची हालत सांगून विचारा. चार दिवस चर्चा करत बसायची ही वेळ नव्हे.

आता चिल्ल्याबद्दल. चाळीस दिवस जच्चाने घराबाहेर पडायचं नाही म्हणून बाळ दवाखान्यात आणि अम्मी माहेरी, हे आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं. निफासच्या दिवसांत नमाज-रोजा माफ आहे; बाळाजवळ जायला मनाई आहे असं कुठेही नाही. बाळाला उघड्या छातीशी धरण्याला कांगारू पद्धत म्हणतात. भारतासह पाच देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं धरायला सुरुवात केली तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले, आणि संसर्गही कमी झाला. डोक्यात ताजा रक्तस्राव असेल तर कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. पण त्यासाठी अम्मी तिथे हजर तर हवी. अम्मी आजारी असेल तर अब्बांची छातीही चालते.

घरी आल्यावर दादी-नानींना प्रेमाने सांगायचं: टाळू भरायची म्हणून दाबून तेल चोळणं, डोकं गोल करायला रगडणं, शेक देणं, हे या बाळाला नको. अकीका सातव्या दिवशी जमला नाही तर नंतर करता येतो. वस्तरा आणि पाहुण्यांची गर्दी दोन्ही थांबू शकतात.

घरात एक मऊ टेप ठेवा. कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत डोक्याचा घेर आठवड्यातून एकदा मोजा आणि तारीख टाकून लिहा. डिस्चार्जच्या वेळी नर्सकडून मोजायची पद्धत शिकून घ्या. अशा बाळाचं डोकं आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. दोन सेंटिमीटर वाढलं, टाळू शांत बसवलेल्या बाळातही फुगलेली दिसली, नजर मावळत्या सूर्यासारखी खाली ओढलेली राहिली, उलट्या, झटके, किंवा बाळ दुधालाही उठेना, तर सकाळची वाट पाहू नका. साचलेलं पाणी पोटात उतरवायला शंट नावाची नळी बसवली असेल तर ही लक्षणं आयुष्यभर लक्षात ठेवायची, कारण शंट तुंबू शकतो आणि त्यात जंतूही शिरू शकतात.

हे सगळं टाळण्याचा रस्ताही आहे, आणि तो बाळंतपणाआधी सुरू होतो. १९७२ मध्ये न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हाउई या डॉक्टरांनी दाखवलं की वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाचं फुफ्फुस लवकर पिकतं. पुढे कळलं की मेंदूतला रक्तस्रावही त्याने कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरियात केलेल्या चाचणीत नवजात मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. भारत सरकारच्या नियमावलीत २४ ते ३४ आठवड्यांत डेक्सामेथासोनचे चार डोस, दर १२ तासांनी, असं आहे. इंजेक्शन स्वस्त आहे, पण त्याला वेळ लागतो. म्हणून सातव्या महिन्यात पोट दुखलं, पाणी गेलं, अंगावर रक्त गेलं तर ‘गॅस असेल’ म्हणत थांबू नका. आणि शक्य असेल तर बाळ पोटात असतानाच एनआयसीयू असलेल्या दवाखान्यात पोहोचा; जन्मानंतर अ‍ॅम्ब्युलन्समधले हादरे या कच्च्या वाहिन्यांना सोसत नाहीत. आईच्या तापाकडे आणि लघवीच्या जळजळीकडेही दुर्लक्ष नको, कारण संसर्गामुळे बाळंतपण लवकर होऊ शकतं आणि सूज पोटातूनच सोबत येते.

खर्चाची भीती असते, ती समजते. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी एसएनसीयू विभाग आहेत. आजारी बाळावर वर्षभरापर्यंत तिथे मोफत उपचार आणि ने-आण मिळणं हा हक्क आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी केंद्र असतं: फिजिओथेरपी, कान-डोळ्यांची तपासणी, बोलण्याचा सराव. जन्मानंतर साधारण चौथ्या आठवड्यात डोळ्याच्या पडद्याची तपासणी चुकवू नका. वाढ मोजताना जन्मतारखेपासून नव्हे, ठरलेल्या तारखेपासून मोजायची. दोन महिने आधी आलेलं बाळ आठव्या महिन्यात बसत नसेल तर त्याचं खरं वय सहा महिने आहे. मात्र तेवढं वय वजा करूनही मागे असेल, मुठी घट्ट, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील, तर ‘मुलगे उशिरा चालतात’ हे ऐकून घरी बसू नका.

शाळेत आम्हाला या मुलांचं पुढचं रूप दिसतं. बोलायला चुणचुणीत, पाढे मात्र राहत नाहीत. फळ्यावरचं वहीत उतरवायला वर्गातल्या इतरांच्या दुप्पट वेळ. मधल्या सुट्टीत धावताना पडणारा, म्हणून खेळात कुणी घेत नाही. शिक्षक त्याला आळशी समजतात, घरी मार मिळतो, आणि कुणालाच आठवत नाही की हा सात महिन्यांचा जन्मलेला आहे. प्रवेशाच्या वेळी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स मुख्याध्यापकांकडे द्या आणि वर्गशिक्षकांशी बोला. त्याला पुढच्या बाकावर बसवता येतं, लिहायला जास्त वेळ देता येतो. प्रमाणपत्राप्रमाणे अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळू शकतं, आणि तिथेही जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड उपयोगी पडतं. म्हणून ते लॅमिनेट करून निकाहनाम्याच्या फाइलमध्ये ठेवा.